वाचकांचे प्रश्न : मुळांचे काम, मुळांची रूपे

पावसाळा सरताना मराठवाड्यातून आलेल्या पत्रांमध्ये या वेळी मुळांविषयीचे प्रश्न अधिक होते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. ज्या प्रश्नांचा संबंध शेतातील निर्णयाशी येतो, त्यांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : ऑगस्टमधल्या सलग पावसाने आमच्या काळ्या रानातील तुरीत चार-पाच दिवस पाणी साचून राहिले. जमिनीत एवढे पाणी असताना झाडांनी पाण्यावाचून सुकल्यासारख्या माना का टाकल्या? पुढे पाने पिवळीही पडली. — एक शेतकरी, ता. मानवत, जि. परभणी

उत्तर : अशा वेळी तुरीला खरोखरच पाणी कमी पडलेले असते, कारण पाणी आत घेणारी मुळे बंद पडलेली असतात. मूळ ही काही निर्जीव नळी नव्हे. पाणी आणि अन्नद्रव्ये घेण्याचे बहुतेक काम मुळाच्या टोकाजवळचा कोवळा भाग करतो. अगदी टोकाला मूलटोपी असते, तिच्यामागे पेशींची वाढ होत असते, आणि त्याच्याही मागे मूलरोमांचा पट्टा असतो. एक मूलरोम म्हणजे मुळाच्या सालीवरची एकच लांबट झालेली पेशी. ती मातीच्या दोन कणांमधील फटीत शिरून कणांना चिकटलेले पाणी घेते आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरून जाते, तोवर मूळ पुढे सरकलेले असते आणि तिथे नवे मूलरोम आलेले असतात. हा पसारा केवढा असतो याची मोजणी अमेरिकेत हॉवर्ड डिटमर यांनी केली आणि १९३७ साली प्रसिद्ध केली. राय नावाच्या तृणधान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाच्या मुळांची एकूण लांबी सहाशे किलोमीटरहून अधिक भरली आणि मूलरोमांची संख्या सुमारे १४ अब्ज निघाली.

मुळाच्या पेशी जमिनीतील क्षार आत ओढून साठवतात. आत क्षार जास्त आणि बाहेर कमी असल्यामुळे परासरणाने पाणी आत येते. दिवसा पानांतून बाष्पोत्सर्जन सुरू झाले की वरूनही ओढ लागते आणि मग पाणी जलवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत चढते. परंतु जलवाहिनीपर्यंत पोहोचण्याआधी पाण्याला मुळाच्या गाभ्याभोवतीचे पेशींचे एक कडे ओलांडावे लागते. या कड्यातील पेशींच्या भिंतींत पाणी झिरपू न देणारी पट्टी असते. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कास्पारी यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यामुळे पाण्याला आणि क्षारांना जिवंत पेशीच्या आतूनच पुढे जावे लागते, आणि कोणता क्षार किती घ्यायचा यावर पेशीचे नियंत्रण राहते. हे सारे चालू ठेवायला ऊर्जा लागते, आणि ऊर्जेसाठी मुळांना श्वास घ्यावा लागतो. मातीतील बारीक पोकळ्यांत हवा असते तोवर त्यांना प्राणवायू मिळत राहतो.

आपल्या शेतात पाणी साचले तेव्हा या पोकळ्या भरून गेल्या. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पटींनी संथ तो पाण्यातून पसरतो. जमिनीत उरलासुरला प्राणवायू असतो तो मुळे आणि सूक्ष्मजीव मिळून एक-दोन दिवसांत संपवतात. मग मुळांच्या पेशींतील आम्लता वाढते, पेशींच्या आवरणात पाणी आत येण्याचे जे मार्ग असतात ते मिटतात, आणि बाहेर पाणी असूनही झाड माना टाकते. पाने पिवळी पडण्याचे कारण नत्राचे आहे. हवा नसलेल्या जमिनीत काही जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नत्र वायूरूपाने निघून जाते. त्याच वेळी हवेतील नत्र झाडाला मिळवून देणाऱ्या मुळांवरील गाठींचे कामही थांबते. भाताच्या मुळांत पानांकडून हवा खाली पोचवणाऱ्या मोठ्या पोकळ्या असतात, म्हणून भात पाण्यात उभा राहतो. तुरीजवळ ती सोय जवळजवळ नाही.

म्हणून पहिले काम चर काढून पाणी बाहेर काढण्याचे. त्यानंतर वाफसा येईपर्यंत रानात पाय घालू नये, कारण ओल्या काळ्या मातीत चालले की उरलेल्या पोकळ्याही दबतात. वाफसा आल्यावर हलकी कोळपणी केली म्हणजे वरचा थर मोकळा होऊन हवा आत जाते. मुळे सावरेपर्यंत नत्र पानांवाटे, दोन टक्के युरियाच्या फवारणीने देता येते. मुळे सावरली की नाही हे पाहण्यासाठी एखादे झाड मातीच्या गोळ्यासकट काढून पाण्यात हळूहळू धुवावे आणि मुळांवरील गाठ नखाने फोडावी. आतला भाग गुलाबी-लालसर दिसला तर गाठ काम करीत आहे. हा रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्याच जातीच्या एका द्रव्याचा असतो आणि ते द्रव्य गाठीतील रायझोबियम जिवाणूंना मोजका प्राणवायू पुरवते. आतून हिरवट किंवा तपकिरी निघालेल्या गाठीपासून काही अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : ज्वारीत टारफुला फार होतो. ज्या रानात आदल्या वर्षी कापूस होता तिथे तो कमी दिसतो, असे आमचे वडील सांगत. यात तथ्य आहे का? — एक वाचक, ता. भूम, जि. धाराशिव

उत्तर : पूर्ण तथ्य आहे, आणि त्यामागची कारणे मुळांच्या अभ्यासातील अतिशय सुंदर प्रकरणांपैकी एक आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

टारफुला हे ज्वारीसारख्या पिकांच्या मुळांवर जगणारे परजीवी तण. त्याचे बी धुळीच्या कणाएवढे असते. एका झाडापासून हजारो बिया पडतात आणि त्या जमिनीत दहा-दहा वर्षे जिवंत राहू शकतात. बी इतके लहान असल्यामुळे त्यात शिदोरी जवळजवळ नसते. उगवल्यावर चार-सहा दिवसांत यजमान पिकाचे मूळ गाठले नाही तर अंकुर मरतो. त्यामुळे नुसत्या ओलाव्याने हे बी उगवत नाही. जवळून यजमानाचे मूळ जात असल्याची रासायनिक खूण मिळाली, तरच ते उगवते. ही खूण मुळांतून पाझरणाऱ्या स्ट्रिगोलॅक्टोन नावाच्या द्रव्यांची असते.

या द्रव्यांपैकी पहिले द्रव्य शास्त्रज्ञांना १९६६ साली अमेरिकेत सापडले ते कापसाच्या मुळांच्या पाझरातून, आणि टारफुला तर कापसावर वाढूच शकत नाही. म्हणजे कापसाच्या रानात टारफुल्याचे बी फसून उगवते, यजमान न मिळाल्याने मरते आणि जमिनीतला बियांचा साठा तेवढा घटतो. आपल्या वडिलांनी पाहिले ते हेच.

शत्रूला जाग आणणारे द्रव्य झाड मुळात बाहेर टाकतेच कशाला, हा प्रश्न त्यानंतर बरीच वर्षे अनुत्तरित राहिला. २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की ही हाक मित्रासाठी असते. मायकोरायझा नावाच्या बुरशा पिकांच्या मुळांत राहतात आणि आपले बारीक धागे मुळांच्या पोहोचीबाहेर दूरवर पसरवून तिथले स्फुरद झाडाला आणून देतात; मोबदल्यात झाड त्यांना साखर देते. स्ट्रिगोलॅक्टोनचा सुगावा लागला की या बुरशीच्या धाग्यांना फांद्या फुटून ती मुळाकडे सरकते. जमिनीत स्फुरद कमी असले की अनेक पिके हे द्रव्य अधिक पाझरतात. हलक्या, कसदारपणा गेलेल्या रानात टारफुला अधिक मातण्याचे एक कारण हे आहे.

मुळाला चिकटल्यावर टारफुला एक विशेष अवयव आत घुसवतो, त्याला शोषकमूळ म्हणतात. ते साल आणि गाभ्याचे कडे भेदून थेट ज्वारीच्या जलवाहिनीला जोडले जाते. टारफुल्याची पाने हिरवी असतात, तरी त्याला पाणी आणि क्षार ज्वारीकडूनच मिळतात. तो जमिनीवर दिसू लागण्यापूर्वी काही आठवडे खाली हे शोषण चालू असते, त्यामुळे तो उपटल्याने यंदाचे नुकसान फारसे भरून येत नाही. तरीही फुलोऱ्यापूर्वी उपटावाच, कारण त्यामुळे पुढील अनेक वर्षांचे बी पडत नाही. एक वर्षाआड कापूस किंवा भुईमूग घेणे, शेणखत घालणे आणि उपटणे ही तिन्ही कामे मिळून काही हंगामांत फरक दिसतो. यांतील एकाच उपायावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : हळद हे मूळ आहे, असे एका भित्तिपत्रकावर वाचले. आम्ही तर बेण्यासाठी गड्डे ठेवतो आणि त्यांना डोळे फुटतात. बटाटा, रताळे, भुईमूग यांचे काय? — एक हळद उत्पादक, ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. हळद हे मूळ नाही, जमिनीत आडवे वाढलेले खोड आहे. जेठा गड्डा घ्यावा किंवा हळकुंड, त्यावर ठरावीक अंतरावर कडी दिसतात. ती पेरे आहेत. प्रत्येक पेऱ्यावर खवल्यासारख्या पानाचा अवशेष आणि त्याच्या बगलेत डोळा असतो. पेरे, खवले आणि डोळे ही खोडाची लक्षणे होत, मग तो भाग जमिनीखाली असो वा वर. आले त्याच घरचे. बटाटाही खोडच, त्यावरचे डोळे तर सर्वांना ठाऊक आहेत. हळदीची खरी मुळे म्हणजे गड्ड्याला फुटलेल्या पांढऱ्या तंतूंसारख्या मुळ्या. त्यांतल्या काहींची टोके फुगीर होऊन त्यांत पाणी आणि अन्न साठते.

भुईमुगाची शेंग मूळही नाही आणि खोडही नाही. ती फळ आहे. फूल जमिनीवर उमलते, परागीकरणानंतर त्याखालची आरी लांबत जाऊन जमिनीत शिरते आणि शेंग तिथे पोसते. आऱ्या सुटण्याच्या वेळी रान भुसभुशीत लागते ते यासाठीच. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, ती म्हणजे शेंगेला लागणारे कॅल्शियम मुळांकडून पुरेसे मिळत नाही, ते शेंग आपल्या टरफलातून सभोवतालच्या मातीतून स्वतः घेते. शेंगांच्या थरात कॅल्शियम असलेले जिप्सम देतात ते त्यामुळे.

रताळे मात्र खरे मूळ आहे. वेलाच्या पेऱ्यांना फुटलेल्या आगंतुक मुळांपैकी काही फुगतात आणि त्यांत पिष्ट साठते. रताळ्यालाही कोंब फुटतात, म्हणून गोंधळ होतो. पण ते कोंब ठरलेल्या पेऱ्यांवरच्या डोळ्यांतून येत नाहीत, मुळाच्या ऊतीतून नव्याने तयार होतात. शतावरीला अशा मांसल मुळांचा झुबका येतो. गाजर, मुळा, बीट ही सोटमुळे. त्यांचा अगदी वरचा भाग तेवढा खोडाकडे जाणारा असतो. गाजराची आडवी चकती उजेडात धरून पाहिली तर मधला फिकट गाभा आणि बाहेरचा गडद भाग वेगवेगळे दिसतात. गाभ्यात जलवाहिन्या असतात आणि बाहेरच्या भागात साखर आणणाऱ्या रसवाहिन्या. उभे कापले तर बाजूच्या बारीक मुळ्या गाभ्याच्या कडेपासून निघून बाहेरचा थर फोडत आलेल्या दिसतात. फांद्या खोडाच्या पृष्ठभागावरून निघतात, उपमुळे नेहमी आतून निघतात. मूळ ओळखण्याची ही दुसरी खात्रीची खूण आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवला आहे. दर वर्षी तोडतो, पुन्हा येतो. एवढे कोवळे मूळ दगडी भिंत कशी फोडते? वडाच्या पारंब्याही अशाच का? — एक वाचक, पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मूळ दगड फोडून आत शिरत नाही, आधी असलेल्या फटीत शिरते. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते, मुळाचे चिकट द्रावाने माखलेले टोक चुन्याच्या दर्जांतील (चिऱ्यांमधल्या सांध्यांतील) ओलावा धरून सरकत जाते, आणि त्यानंतर मूळ जाड होऊ लागते. जाड होताना ते आजूबाजूला दर चौरस सेंटीमीटरला सुमारे दहा किलोच्या आसपास दाब देऊ शकते. दगड दाबला जाणे फार सोसतो, ताणले जाणे फार कमी सोसतो, म्हणून फट रुंदावते. मुळे थोडे आम्लही सोडतात; एकोणिसाव्या शतकात युलियस झाक्स यांनी गुळगुळीत संगमरवरी फरशीवर रोपे वाढवली, तेव्हा फरशीवर मुळांचा माग कोरला गेला होता. चुन्याच्या दर्जा याच रीतीने हळूहळू झिजतात.

वरचा भाग तोडल्याने पिंपळ जात नाही, कारण भिंतीतल्या मुळात अन्न साठलेले असते आणि त्याला नवे कोंब फुटतात. रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट काढावे. मोठे झालेले मूळ ओढून काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये. त्याबरोबर भिंतीचा चुना आणि चिरे सुटून येतात. जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या गवंड्याच्या देखरेखीखाली मूळ टप्प्याटप्प्याने कापून, मारून, लगेच चुन्यानेच दर्जा भरून घ्याव्यात. सिमेंट वापरल्यास भिंतीतील ओल आत कोंडते.

पारंब्या ही फांद्यांवरून उगवलेली आगंतुक मुळे आहेत. हवेत लोंबत असताना त्या दोरीएवढ्या बारीक असतात. जमिनीत टेकून त्यांना खालची मुळे फुटली की त्यांच्यात जे लाकूड तयार होते ते आक्रसते, पारंबी ताठ होते, आणि पुढे जाड होऊन फांदीला खांबासारखा आधार देते. हावड्याजवळच्या शिबपूर येथील वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने सडल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले. तो वृक्ष आजही केवळ पारंब्यांवर उभा आहे आणि पसरतो आहे.

प्रश्न : लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या २०१६ च्या उन्हाळ्यातही आमच्या शिवारातली वेडी बाभूळ हिरवीगार होती. तिची मुळे किती खोल जातात? ज्वारीची किती? — एक निवृत्त शिक्षक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : वेडी बाभूळ ज्या प्रोसोपिस वंशातली आहे, त्या वंशातील झाडाची मुळे अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका खुल्या खाणीत सुमारे ५३ मीटर खोलीवर आढळली होती. याहून खोल, ६८ मीटरची नोंद आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटातल्या एका झाडाची आहे. अर्थात खाली ओल असेल आणि वाट मिळेल तिथेच मूळ इतके खोल जाते. आपल्याकडे काळ्या थराखालचा मुरूम आणि खडकातील भेगा ही ती वाट होय.

रब्बी ज्वारीची मुळे खोल जमिनीत दीड मीटर किंवा त्याहून अधिक खाली जातात. मालदांडीसारखे वाण पेरणीनंतर पाऊस न पडताही साठलेल्या ओलीवर पिकतात ते या मुळांच्या बळावर. मात्र ज्वारीच्या दाण्यातून बीजमूळ एकच निघते. पिकाचा भार उचलणारी तंतुमय मुळे दोन-तीन आठवड्यांनी खोडाच्या खालच्या पेऱ्यांतून फुटतात, आणि त्या वेळी वरचा थर कोरडा असेल तर ती मातीत उतरतच नाहीत. खाली ओल असूनही पीक बारीक राहते, आणि पुढे ताट लोळते. रब्बी पेरणी लांबवू नये म्हणतात, त्यामागे हे एक कारण आहे. कोळपणी करून जमिनीच्या भेगा बुजवणेही तेवढेच महत्त्वाचे. काळी माती आकसून भेगाळते तेव्हा ओल उडून जाते आणि मुळे तुटतात.

प्रश्न : मोसंबीच्या बुंध्याजवळच पाणी दिले तर चालेल का? — एक बागायतदार, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : चालणार नाही. बुंध्याजवळची जाड मुळे झाडाला धरून ठेवतात. पाणी आणि खत घेणारी बारीक पांढरी मुळे झाडाच्या घेराच्या कडेखाली, मुख्यतः वरच्या दोन फुटांत असतात. बुंधा सतत ओला राहिला की फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे मूळकूज आणि डिंक्या येतो. दुहेरी आळे करावे, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही. ठिबक असेल तर झाड वाढेल तशी नळी बाहेर सरकवावी. खतही त्याच पट्ट्यात द्यावे आणि तिथे खोल नांगरट करू नये.

प्रश्न : मूलरोम आणि मुळाचे खाली वळणे घरी पाहता येईल का? — इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : हो, सहज पाहता येईल. बशीत ओला टीपकागद पसरून त्यावर मोहरीचे दाणे टाक आणि वर दुसरी बशी पालथी घाल. दोन-तीन दिवसांत मुळाच्या टोकामागे पांढरी मऊ लव दिसेल, तेच मूलरोम. भिंगातून पाहा, पण झाकण फार वेळ उघडे ठेवू नकोस, कोरड्या हवेत ते काही मिनिटांत मिटतात.

खाली वळणे पाहायचे असेल तर काचेच्या ग्लासात आतून टीपकागद लावून काच आणि कागद यांच्यामध्ये भिजवलेले हरभरे ठेव. कागद ओला राहू दे. मुळे सरळ खाली दोन सेंटीमीटर वाढली की ग्लास ओल्या कागदासकट आडवा कर. काही तासांत टोके पुन्हा खाली वळू लागतील. मूलटोपीच्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात; ग्लास आडवा होताच ते नव्या तळाशी घसरतात आणि त्यावरून मुळाला दिशा कळते. दोन-तीन मुळांची टोके ब्लेडने जेमतेम एक मिलिमीटर कापून टाक, मात्र ब्लेड मोठ्या माणसाच्या हातात दे. ती मुळे लांबतील, पण नवे टोक तयार होईपर्यंत वळणार नाहीत. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी असेच प्रयोग करून १८८० साली मांडले की दिशेची जाणीव टोकाला होते आणि वळण त्याच्या मागच्या भागात पडते. वहीत दर दोन तासांनी मुळाचे चित्र काढत गेलीस, तर वळण टोकापासून किती अंतरावर सुरू होते हे तुला स्वतः मोजता येईल.